कारागिराचं नाव

लाकूड कोरण्याआधी वाचावं लागतं. सागाच्या फळीची नस कुठे वळते, गाठ कुठे दडली आहे, हे पाहूनच नक्षीकाम करणारा सुतार पटाशी टेकवतो. नसेच्या उलट गेलं की पाकळीची कड उचकटते. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत. म्हणून हात कितीही मुरलेला असो, प्रत्येक फळीपुढे नव्याने बसावं लागतं.

कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या या ओल्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगतं; रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. जाणता कारागीर दाराची फळी चौकटीच्या खाचेत फेविकॉलने जखडत नाही, तिला फुगायला जागा ठेवतो. ही जागा गिऱ्हाइकाला दिसत नाही. कारागिरीचा मोठा भाग असाच न दिसणारा असतो.

डोंबिवलीच्या वन बीएचकेत देव्हाऱ्याला फ्रिज आणि खिडकी यांच्यामधली दीड-दोन फूट भिंत मिळते. शिखर, कमान, दिव्याची जागा, खाली पोथ्यांचा खण, सगळं तेवढ्यातच. गिऱ्हाईक माप देतं, फोनवर चित्र दाखवतं. प्रमाण कारागीर देतो. ऑर्डरचं काम म्हणजे दुसऱ्याची इच्छा आपल्या हाताने खरी करणं.

आता बऱ्याच गाळ्यांत सीएनसी राउटर आहे. वेली, जाळ्या तो भराभर कोरतो आणि पाठीचे कष्ट वाचवतो. त्याचा राग धरायचं कारण नाही. पण त्याचं पातं वरून उतरतं. ते पानाच्या पोटाखाली शिरत नाही, कोपऱ्यात आपली गोलाई सोडून जातं. पान लाकडापासून सुटं करायला पुन्हा पटाशीच लागते. मजुरी तासांवर ठरते. पटाशी कुठे थांबली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

लाकूड इथे नवं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणहून परदेशी जाणाऱ्या मालात लाकडाचे ओंडके नोंदवले. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आल्यानंतर याच खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधली गेली. इतिहासाने माल मोजला, जहाजं मोजली. हात क्वचितच मोजले.

कार्ल्याच्या लेण्यांत मात्र हाताचीही नोंद झाली. चैत्यगृहाच्या छताला सागाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षं टिकलेल्या. तिथल्या एका शिलालेखात दरवाजा घडवणाऱ्याचं नाव आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. राजे आणि व्यापारी यांच्या दानलेखांच्या शेजारी एका सुताराचं नाव, बापाच्या नावासकट.

आज तोच धंदा करणारा माणूस शहरभरच्या दारांवरच्या नावाच्या पाट्या कोरतो, आणि त्याचं स्वतःचं नाव बिलाच्या कागदावरही नसतं. देव्हारा घडवून घ्याल तेव्हा मागच्या फळीवर त्याला नाव, गाव आणि साल कोरू द्या. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याच्याशी घासाघीस करताना जीभ अडखळते. वीस वर्षांनी दार अडलं, तर कुणाला बोलवायचं हे मुलांना कळतं. आणि गाळ्यात झाडू मारणाऱ्या पोराला दिसतं की या कामात माणूस ओळखला जातो. नाव नसलेल्या हाताला मजुरी मिळते. नाव असलेल्या हाताकडे शागीर्द येतात.