ओझे कोणाचे?

पारशिवनी तालुक्यातला मुसलमान मुलगा शिकून पहिल्या नोकरीवर निघाला, की घरातून त्याला डब्यासोबत एक सल्लाही मिळतो. "बेटा, अपने को दुगना काम करना पडता. तेरे को देख के पूरी कौम को तौलते लोग."

हा सल्ला देणाऱ्या पिढीने कन्हानच्या आसपास गोंडेगाव, इंदर, कामठीच्या कोळसा खाणींत हाडे झिजवली आहेत, ट्रक हाकले आहेत, छोटी दुकाने चालवली आहेत. आता त्यांचा मुलगा बुटीबोरीत किंवा मिहानमध्ये संगणकावर बसतो, मुलगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात माया आहे आणि अनुभवही आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण तो नीतीच्या कसोटीवर उतरतो का, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

त्यांची भीती खोटी नाही. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के होते. समितीला ते आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के आणि रेल्वेत ४.५ टक्के आढळले. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास घटनेच्या सोळाव्या कलमाने मनाई आहे. खाजगी क्षेत्राचे काय? विदर्भाचेच सुपुत्र असलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटेवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा ठेवला. मुस्लिम नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा बरीच कमी निघाली. २०१५ साली मुंबईत व्यवस्थापनशास्त्राच्या एका पदवीधराला हिरे निर्यात करणाऱ्या कंपनीने, आम्ही मुसलमानांना घेत नाही, असे लेखी कळवले. नंतर कंपनीने ती एका शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक ठरवली. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोग मात्र आजवर केंद्रात उभा राहिलेला नाही.

म्हणजे तराजू कललेला आहे. अशा वेळी आपल्या पारड्यात थोडे जास्त टाकावे, ही व्यवहाराची गोष्ट झाली. परंतु व्यवहार आणि कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरजेपोटी जास्त देणे एक, आणि जास्त देणे हाच आपला धर्म आहे असे मानणे दुसरे. कुरआनातील सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांना खडसावते. घेताना पुरते मोजून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांच्याबद्दल ती बोलते. ही आयत आपण किराणा दुकानदारापुरती ठेवली. दुप्पट काम घेऊन एकपट पगार देणारा मालकही त्याच माळेतला. आणि पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणारा नोकरदारही त्यातून सुटत नाही. माप पुरते हवे. कमी देणे हा गुन्हा आहे. दुप्पट देणे मात्र कोणीही फर्ज केलेले नाही.

सल्ल्याचा दुसरा भाग याहून अवघड आहे. एका मुलाने पूर्ण कौमचे ओझे का वाहावे? कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआन पुन्हापुन्हा सांगतो. ते विसरल्याने काय होते ते पाहू. नव्या माणसाच्या हातून चूक होतेच. पण आपली चूक म्हणजे समाजावरचा डाग, असे ज्याने मनावर घेतले तो चूक लपवतो. हिशेबात लपलेली चूक दुसऱ्याच्या पगारात निघते. लॅबमधली लपलेली चूक रुग्णाच्या जीवावर उठते. साहेब सांगतो, माल आला नाही, पण आल्याची सही कर. मुलगा विचार करतो, नाही म्हटले तर म्हणतील, हे लोक भांडखोर. आणि सही करतो. मुलीला कोणी त्रास देतो. तिला कायदा ठाऊक असतो. २०१३ पासून दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तरीही घराण्याच्या आणि कौमच्या नावासाठी ती गप्प राहते. ज्या ओझ्याने माणूस अधिक नेक व्हावा अशी अपेक्षा होती, त्यानेच तो कमी खरा होतो.

शिवाय, जो समाजाची इज्जत खांद्यावर घेतो त्याला समाजाची बदनामीही घ्यावी लागते. कुठे दूर कोणी गुन्हा करतो आणि जेवणाच्या सुट्टीत जबाब या मुलाला विचारला जातो. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले आहे.

वडीलधारे म्हणतील, आम्ही कुठे ओझे टाकतो, जग टाकते. खरे आहे. पण जगाने टाकणे आणि आपण ते फर्ज म्हणून स्वीकारणे यांत फरक आहे. एकाच्या चांगल्या कामाने दुसऱ्यासाठी दार उघडते, हेही खरे. ते त्या कामाचे फळ आहे. त्याची अट नव्हे.

हजरत यूसुफ यांनी मिसरच्या बादशहाकडे कोठाराची जबाबदारी मागितली, तेव्हा आपली राखण करण्याची पात्रता आणि ज्ञान पुढे केले. हजरत मूसा यांना कामावर ठेवण्याची शिफारस झाली ती बळ आणि विश्वासूपणा या दोन गुणांवर. पैगंबर मुहम्मद (स.) हजरत खदीजा यांचा व्यापारी माल घेऊन सीरियाला गेले. 'अमीन' हे नाव त्यांना मिळाले ते स्वतःच्या व्यवहारामुळे. तिन्ही ठिकाणी एका माणसाची अमानत तोलली गेली.

म्हणून तरुणांना आम्ही एवढेच सांगू. काम नीट शिका. नेमणूकपत्र जपून ठेवा, ठेकेदार पीएफ भरतो की नाही ते तपासा. जुम्म्याचा अर्धा तास लपूनछपून घेऊ नका. सुरुवातीलाच मागा आणि भरून द्या. नाव लपवू नका. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. खोट्यावर सही करू नका.

शेवटचे वाक्य लिहिणे सोपे आहे. ज्याच्या पगारावर बहिणीची फी आणि अब्बांची औषधे चालतात, त्याला 'नाही' महाग पडते. इथे प्रश्न समाजाकडे येतो. आपली इज्जत त्या मुलाने राखावी असे वाटते ना? मग सही नाकारून जो घरी येईल त्याच्या घरात तीन महिन्यांचा किराणा पोहोचवण्याची तयारी मोहल्ल्याने ठेवावी. जकातीची आणि सदक्याची रक्कम आपण दरवर्षी काढतोच. जकात हकदारालाच जाते, सदक्याला तेवढे बंधन नाही. नोकरी शोधणाऱ्याचा अर्ज तपासणारा, मुलाखतीची तयारी करून घेणारा एक निवृत्त शिक्षक गावोगावी असतोच. ओझे वाटून घेणे हे समाजाचे काम आहे. ते एकट्या बावीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर ठेवून वर त्याला दुप्पट चालायला सांगणे हा इन्साफ नव्हे.