शिकवताना तुला कोणी पाहिले?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या कमिटीपुढे एक अर्ज आला. अर्ज मंडळीतल्याच एका तरुण भगिनीचा होता. रोज सकाळी सहा ते सात या वेळात चर्चलगतचा हॉल महिलांच्या योगवर्गासाठी मिळावा, अशी तिची विनंती होती. सोबत योगशिक्षक प्रशिक्षण पुरे केल्याच्या प्रमाणपत्राची नक्कल जोडली होती. अभ्यासक्रम दोनशे तासांचा, आणि तो सगळाच्या सगळा ऑनलाइन, म्हणजे स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मोबाइलच्या पडद्यासमोर बसून पुरा केलेला.

कमिटीत दीड तास चर्चा झाली. अर्धा वेळ ख्रिस्ती माणसाने योग करावा की नाही यात गेला आणि अर्धा विजेचे बिल कोणी भरावे यात. पहिला प्रश्न लहान नाही; त्यावर मंडळ्यामंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत, आणि तो आज येथे सोडवण्याचा आमचा विचार नाही. दुसरा प्रश्न खजिनदारांनी सोडवला. नवल याचे वाटते की, या मुलीला शिकवता येते काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. ते विचारले सभा संपल्यावर दारात भेटलेल्या एका निवृत्त परिचारिकेने. या मावशी मिरजेच्या मिशन रुग्णालयात शिकून तयार झालेल्या. त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे गं बाळ. पण शिकवताना तुला कोणी पाहिलंय का?"

मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "पडद्यावर पाहिलंय, मावशी. दोन वेळा. वीस-वीस मिनिटं."

तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, आणि तो अजून आमच्या मनातून गेलेला नाही. एखादी विद्या शिकणे वेगळे आणि ती दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार घेणे वेगळे. शिकताना चूक झाली तर आपलाच गुडघा दुखतो. शिकवताना चूक झाली तर शेजारणीचा दुखतो, आणि ती बिचारी आपल्यावर विश्वास टाकून आलेली असते. मग हा अधिकार येतो तरी कशाने?

कायद्याकडे पाहिले तर फारसे उत्तर मिळत नाही. आपल्या देशात योग शिकवायला डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ आहे, त्याच्या परीक्षेत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिकही असते. पण घरगुती वर्ग काढणाऱ्याने ती परीक्षा दिलीच पाहिजे असे नाही. दोनशे तासांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो तो जगभर रूढ झाला मुख्यतः अमेरिकेतील योगा अलायन्स या संस्थेच्या नोंदणीमुळे. ही संस्था १९९९ सालची. ती सरकारी नाही. ती शाळांची नोंद ठेवते आणि त्या शाळांतून शिकून निघालेल्या शिक्षकांची नोंद ठेवते. २०२० साली महामारीमुळे तिने हे सर्व शिक्षण ऑनलाइन देण्यास तात्पुरती मुभा दिली, आणि पुढे ती मुभा कायम झाली. रोज दोन तास धरले तर दोनशे तास म्हणजे शंभर दिवस. रोज आठ तास धरले तर पंचवीस. हा हिशेब ऐकून मंडळीतले एक वडील म्हणाले, "एवढ्या दिवसांत तर आमच्याकडे पोराच्या हाती रंधासुद्धा देत नाहीत." ते स्वतः सुतार आहेत.

पण घाईने निकाल देऊ नये. या भगिनीच्या सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. पदरी दोन मुले. तिला महिनाभर पुण्याला, लोणावळ्याला किंवा ऋषिकेशला जाऊन राहा, असे सांगणे म्हणजे शिकू नकोस असे सांगण्यासारखेच होते. तिच्यासाठी जे एक दार उघडले ते पडद्याचे. त्या दारातून ती मोठ्या कष्टाने आत गेली. सासूबाईंना औषध देऊन पहाटे साडेचारला ती वर्गाला बसत असे. घर सोडता न येणाऱ्या किती स्त्रियांना, पायाने अधू असलेल्या किती माणसांना या सोयीने विद्या मिळाली असेल! तिला नावे ठेवणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

शिवाय दुरून शिकणे ही काही आजची गोष्ट नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो पुस्तके लिहूनसुद्धा. बडोद्याकडच्या आमच्या वाचकांना ठाऊक असेल की, कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ सालचा, डभोईचा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले, आणि पुढे नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींच्या पायाशी बसले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला संस्था काढली, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले, म्हणजे जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत विद्या छापून पोहोचावी. हे सगळे खरे. पण येथे एक फरक ध्यानात घ्यावा. पुस्तक वाचून माणसे स्वतः नमस्कार घालू लागली. पुस्तक वाचून झाले म्हणून कोणी दाराला गुरुजी अशी पाटी लावली नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर प्रमाणपत्र नसते.

आता पडद्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही ते पाहू. पद्मासनाचे उदाहरण घ्या. पाय मांडीवर चढतो तेव्हा पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुब्याचा सांधा आखडलेला असेल आणि माणसाने तरीही पाय ओढला, तर तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा हा अशा पिळासाठी बनलेला सांधा नाही. समोर बसलेल्या शिक्षकाला हे कळते. एका बाजूचा गुडघा अधांतरी राहिला आहे, चेहरा किंचित ओढला गेला आहे, विद्यार्थी हसत "ठीक आहे" म्हणतो पण श्वास रोखून धरतो. कॅमेरा एका बाजूने पाहतो, आणि श्वासाचा आवाज तर येतच नाही, कारण बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून ही यंत्रे बारीकसारीक आवाज गाळून टाकतात. तेव्हा ज्या विद्येत श्वासाला एवढे मोल आहे ती शिकवताना शिक्षकाला विद्यार्थ्याचा श्वासच ऐकू येत नाही.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. अशा वर्गात प्रशिक्षणार्थी सराव करतात ते एकमेकांना शिकवून. एकमेक म्हणजे कोण? बहुधा तरुण, लवचिक, आधीच आसने येणारी माणसे. आणि आमच्या हॉलमध्ये येणार कोण होते? साठी उलटलेल्या भगिनी. एकीला रक्तदाब, दोघींना मधुमेह, एकीच्या डोळ्यांवर काचबिंदूचे उपचार चालू, आणि गुडघे तर जवळजवळ सगळ्यांचेच दुखरे. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन देऊ नये, कारण डोके खाली गेले की डोळ्यातला दाब वाढतो, हे त्या मुलीला ठाऊक होते. लेखी परीक्षेत तिने ते बरोबर लिहिलेही होते. पण काचबिंदूची रोगी आपणहून तसे सांगत नाही. चष्मा बाजूला ठेवते आणि रांगेत उभी राहते. तिला विचारले पाहिजे, कसे विचारावे ते कळले पाहिजे, आणि ती दुखावली जाणार नाही अशा रीतीने भिंतीजवळ खुर्चीवर बसवता आले पाहिजे. मिरजेच्या मावशींना त्यांच्या शिकाऊपणीच्या दिवसांविषयी विचारा. वह्या भरल्या होत्या, पण रोग्याला कुशीवर वळवायला शिकल्या त्या वरिष्ठ सिस्टरच्या डोळ्यांसमोर, आणि पहिल्या वेळी चुकल्या तेव्हा सिस्टरचा हात मध्ये आला.

आणखी एक गोष्ट त्या भगिनीने आम्हांला आपणहून सांगितली, ती तिच्या परवानगीने लिहीत आहोत. तिच्या वर्गाची सुरुवात एका संस्कृत प्रार्थनेने होत असे. आपल्या विश्वासामुळे ती म्हणावी की न म्हणावी, असा तिला पेच पडला. पण तो पेच एका मिनिटात सुटला. तिने माइक बंद केला आणि ओठ नुसते हलवले. कोणाला कळले नाही. ती म्हणाली, "समोर असते तर गुरुजींना सांगावं लागलं असतं. कदाचित ते रागावले असते, कदाचित म्हणाले असते की तू शांत बस, चालेल. पण काहीतरी बोलणं झालं असतं." पुढे पुढे दमल्यावर ती कॅमेराही बंद करू लागली. हजेरी तर लागतच होती. त्या दोनशे तासांतले किती तास ती खरोखर वर्गात होती, हे आता तिलाही सांगता येत नाही.

आम्हांला वाटते, खरी अडचण येथे आहे. पडद्याने विद्या खोटी होत नाही. पण पडद्यामागे शिकणाऱ्याला स्वतःला लपवणे फार सोपे जाते, आणि ज्याने शिकताना आपले न येणे लपवले, त्याला शिकवतानाही ते लपवण्याची सवय राहते. पतंजलीने योगाची आठ अंगे सांगितली त्यांत आसन तिसरे आहे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा, दुसरे सत्य. म्हणजे दुसऱ्याला इजा करू नये आणि नाही ते आहे म्हणून सांगू नये, या दोन गोष्टी आल्यावाचून अंग वाकवण्याला त्या ग्रंथातही स्थान नाही. यात ख्रिस्ती माणसाला अनोळखी काय आहे? याकोबाच्या पत्रात शिक्षकांच्या हिशेबाविषयी जी कडक ताकीद आहे, ती आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना चांगली ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग कच्च्या माणसाने कधी शिकवूच नये काय? तसे म्हटले तर कोणीच शिक्षक होणार नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. मैसूरला कृष्णम्माचार्यांकडे त्यांचे शिकणे झाले होते ते थोडक्या वर्षांचे. तेही कच्चेच होते. पण रोज त्यांच्यासमोर खरी माणसे होती, आणि त्या माणसांकडे पाहून ते शिकत गेले. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा, ज्याचा पाय हाती येत नाही त्याला पट्टा, ज्याला उभे राहवत नाही त्याला खुर्ची, अशी साधने त्यांनी पुढे जी वापरली ती न येणाऱ्या शरीरांकडे बघून सुचलेली. कच्चेपणा हा दोष नव्हे. तो झाकून पक्केपणाची पाटी लावणे हा दोष, आणि तो पुण्याला जाऊन समोरासमोर शिकलेल्यालाही लागू शकतो. महिनाभर आश्रमात राहून सुंदर छायाचित्रे घेऊन परतलेले शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांनाही मावशींचा प्रश्न विचारावा.

शब्बाथ शाळेत आपण काय करतो? नव्या शिक्षकाला वर्षभर जुन्याच्या वर्गात मागे बसवतो. निदान पूर्वी बसवत होतो. मुलांना गोष्ट सांगताना तो अडखळला तर जुना शिक्षक पुढे येतो. २०२० साली मंदिरे बंद होती तेव्हा आम्हीही मोबाइलवरून मुलांना धडे दिले. देवाच्या कृपेने ते दिवस निभावले. पण शाळा पुन्हा भरली तेव्हा कळले की, एक मुलगा वर्षभर रोज जोडला जात होता आणि त्याला घरी कोणी जेवायलाही नीट घालत नव्हते. पडद्यावर तो रोज दिसत होता, आणि आम्ही त्याला पाहिले नव्हते. म्हणून या बहिणीला दोष देताना आमची जीभ अडखळते.

आता तिचे काय झाले ते सांगतो. तिने अर्ज परत घेतला. प्रमाणपत्र फाडले नाही, आणि फाडण्याचे कारणही नव्हते. बेळगावात एक वृद्ध योगशिक्षक पुष्कळ वर्षे वर्ग चालवतात. त्यांना तिने सगळे खरे सांगितले, कॅमेरा बंद ठेवल्याचेसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, मागे उभी राहा आणि लोकांचे पाय बघ. आठ महिने ती शनिवार-रविवार सोडून रोज जाऊन पाय बघत होती. मग ते तिला एकेक माणूस देऊ लागले, आणि स्वतः शेजारी उभे राहू लागले. प्रार्थनेच्या वेळी ती शांत बसते. त्यांना ते ठाऊक आहे.

यंदा फेब्रुवारीत तिने दुसरा अर्ज दिला. त्यात लिहिले होते की, वर्ग खुर्चीवर बसून करण्याच्या हालचालींचा असेल, एका वेळी सहाजणींपेक्षा जास्त घेणार नाही, आपला अनुभव अजून थोडा आहे हे येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगितले जाईल, आणि महिन्यातून एकदा गुरुजी येऊन वर्ग पाहतील. कमिटीने दहा मिनिटांत होकार दिला. पहिल्या दिवशी मिरजेच्या मावशी दाराशी टेबल टाकून रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसल्या होत्या. सहाजणी आल्या. मावशींनी दोघींना घरी परत पाठवले, आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणून. उरलेल्या चौघींचा वर्ग सुरू झाला.