काठावर कोण बसणार?

आम्हां माजलगावकरांच्या ओळखीचे मोठे पाणी म्हणजे सिंदफणेवरील धरणाचे. समुद्र सहलीपुरता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचे ठरले, की घरात वाद माजतो : दिवस एकच, होडीने सिंधुदुर्ग पाहावा, की तारकर्लीच्या वाळूत बसावे?

माझे मत किल्ल्याला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. भोवती खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! दुष्काळी मुलखातल्या माणसाने आणखी काय पाहावे?

पण मते मोजताना एक मत हटकून गळते. "तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी," असे घरातली आई किंवा आत्या म्हणते, आणि आपण तीच तिची इच्छा समजतो. तिला होडीचे भय वाटते, की तिकिटाचे पैसे वाचवायचे असतात, की आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको असतो? कोणी विचारीत नाही. खरे उत्तर आले तर बेत मोडेल ना! मायेपोटी दिलेला असा रुकार मला तरी उसनाच वाटतो.

तिला ओढून होडीत बसवणे हाही उपाय नव्हे. तो तर जुलूमच. बेत ठरण्यापूर्वी, पोरांसमोर नव्हे तर एकटीला गाठून, तिला विचारावे. ती वाळूच म्हणाली तर वाळू. किल्ला काय, साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. पुढल्या दिवाळीपर्यंत थांबेल.