रचनेचा मालक कोण?

मेढ्याच्या बाजारात विकत घेतलेले पुस्तक तुमचे होते. त्यातील रचना मात्र लेखकाचीच राहते. दीनच्या प्रसारासाठी कोणी परवानगीविना प्रती काढून वाटतो आणि म्हणतो, "ज्ञान तर अल्लाहचे आहे!" खरेच आहे. परंतु जावळीच्या खोऱ्यात पाऊसही अल्लाहच पाडतो. म्हणून शेजाऱ्याच्या खाचरातले भात कापून न्यावे काय? १९५७ चा भारतीय कायदा सामान्यतः लेखकालाच प्रथम मालक मानतो. त्याच्या निधनानंतर ६० वर्षे तो हक्क टिकतो. १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही हा हक्क शरीअतसंमत ठरविला. नियत नेक असली तरी आधी परवानगी मागा. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो.