तुमचे मत नोंदवा

दिवाळीत श्रीरामपूरला घरी गेलो होतो. चुलत बहीण यंदा बारावी आर्ट्सला. भाऊबीज झाल्यावर तिने इतिहासाची तीन पुस्तकं माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "दादा, यातलं कुठलं धरून बसू?" एक बालभारतीचं पाठ्यपुस्तक. दुसरं डायजेस्ट, पाठ्यपुस्तकापेक्षा जाड. तिसरं एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाचा दुसरा भाग, हिंदीतला. काकांनी कुणाकडून तरी जुना आणला होता, कारण पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या हे घरात ठरलेलं आहे. (तिला कुणी विचारलंय का, ते माहीत नाही.)

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे घरच्यांच्या मते मला सगळ्याच परीक्षांतलं कळतं. मी लगेच सांगून टाकलं, "मूळ पुस्तक वाच. डायजेस्ट रद्दीत दे." ती काही बोलली नाही. आत गेली आणि पहिल्या सत्राची उत्तरपत्रिका घेऊन आली.

प्रश्न होता ब्रिटिश काळातल्या शेतीच्या व्यापारीकरणावर. तिने आपल्या घरचं लिहिलं होतं. ते असं: आमच्या पणजोबांची जमीन ब्रिटिश काळात साखर कंपनीच्या उसासाठी खंडाने गेली. श्रीरामपूर तालुक्यात हे कुणालाही विचारा, हरेगावच्या बेलापूर कंपनीचं नाव निघतं आणि पाठोपाठ 'खंडकरी' हा शब्द येतो. खंड मिळायचा तो नावापुरता. स्वातंत्र्य आलं, 1961 मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि 1963 मध्ये त्यासाठी शेती महामंडळ उभं राहिलं. कंपनी गेली, सरकार आलं, मूळ मालक मात्र बांधाबाहेरच राहिला. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, एक अख्खी पिढी सातबाऱ्याकडे बघत म्हातारी झाली. जमिनी परत द्यायला सुरुवात झाली ती 2012 मध्ये. तोवर आमच्याकडे वारस इतके झाले होते की काकांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर घर चालत नाही. ते आजही मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत.

हे सगळं तिने दीड पानात लिहिलं होतं, बऱ्यापैकी नीट. खाली लाल शाईत शेरा होता: 'पुस्तकातील मुद्दे लिहा.' पाचपैकी एक गुण. तोही बहुधा अक्षराचा.

मला राग आला. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. शंभरेक पेपर तपासणाऱ्या माणसाने आमच्या पणजोबांची जमीन खरी की खोटी हे कसं ठरवायचं? त्याच्याकडे नमुना उत्तर असतं. शिवाय खरं सांगायचं तर तिचं उत्तरही थोडं भरकटलेलं होतं. प्रश्न ब्रिटिश काळाचा आणि ती 2012 पर्यंत आलेली.

मग तिने डायजेस्ट उघडून दाखवलं. बारावीच्या इतिहासात 'तुमचे मत नोंदवा' असा एक प्रश्नप्रकार असतो. चांगला आहे, मुलांनी स्वतः विचार करावा म्हणूनच आणला असणार. डायजेस्टमध्ये त्याचंही उत्तर तयार होतं. 'माझ्या मते' या शब्दांनी सुरू होणारं आणि हवं तेवढ्याच शब्दांत संपणारं. तिच्या वर्गातल्या बहुतेकांचं मत त्या परीक्षेत एकच होतं आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण होते.

आम्ही दोघंही हसलो. मला मात्र नंतर रात्री झोप लागेना. पुस्तकात एखादी सनावळी चुकली तर ती पुढे दुरुस्त करता येते. पण अठराव्या वर्षी 'माझ्या मते' लिहून पुढे दुसऱ्याचं वाक्य उतरवायची सवय लागली, आणि त्याबद्दल बक्षीसही मिळालं, तर ती कुठे जाऊन दुरुस्त होते? माझी तरी झालेली नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी 'लोकल ऑथर'च्या पुस्तकांवर काढली. मूळ संदर्भग्रंथ लायब्ररीतून काढायचो, टेबलावर ठेवायचो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लोकल ऑथर उघडायचो. त्याच मार्कांवर कॅम्पसमध्ये निवड झाली, त्याच नोकरीच्या पगारावर मी घरी आलो की 'मूळ पुस्तक वाच' असं सांगतो.

इथेच मी अडकतो. तत्त्व माझं, पण त्याची किंमत तिने मोजायची. माझ्या हातात डिग्री आहे, नोकरी आहे. तिच्याकडे एक बोर्डाची परीक्षा आहे, आणि टक्के कमी पडले तर पुढच्या वर्षी कोणतं स्थळ बघायचं यावर घरात चर्चा सुरू होईल, हे तिला आणि मलाही ठाऊक आहे. अशा मुलीला 'गुण गेले तरी चालतील, खरं लिही' म्हणणं हा प्रामाणिकपणा आहे की दुसऱ्याच्या जिवावरची उदारी?

एनसीईआरटीचं पुस्तक म्हणजे सुटका, असं मला आधी वाटायचं. पुस्तक चांगलंच आहे. मूळ कागदपत्रांतले, प्रवासवर्णनांतले उतारे चौकटीत देतं आणि त्यावर प्रश्न विचारतं. पण मराठीत नाही. शिवाय तिच्याकडच्या जुन्या प्रतीत मुघल दरबारावरचं एक प्रकरण आहे, ते नव्या प्रतीत नाही; कोविडनंतर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करायचा म्हणून ते काढलं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, आणि कुठली हाती पडली त्यावर तुमचा भूतकाळ ठरणार. आपल्याकडेही 2017 ला सातवीचं पुस्तक बदललं तेव्हा मुघलांना किती पानं दिली यावर वाद झालाच होता. आणि खंडकरी? ते या तिन्ही पुस्तकांत नाहीत. शेजारच्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना जनरल नॉलेजच्या प्रत्येक पुस्तकात आहे. ती जिंकल्याची गोष्ट आहे, म्हणून असेल.

नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची गोष्ट मला त्या रात्री आठवली. ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, लवकरच त्याचा मराठी अनुवाद झाला आणि तो शाळांतून वाचला जाऊ लागला. पुढे 1868 च्या सुमारास कीर्तन्यांनी 'विविधज्ञानविस्तार'मध्ये त्या बखरीवर टीका लिहिली. वय विशीतलं. म्हणजे राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, त्याच्या तीस वर्षं आधी एका तरुणाने प्रमाण मानलेल्या पुस्तकाच्या चुका काढल्या होत्या. पण यातली एक गोष्ट सुटते: चुका काढायला त्यांना ती बखर आधी बारकाईने वाचावी लागली. आणि त्यांनी ते परीक्षेच्या पेपरात लिहिलं नाही, मासिकात लिहिलं.

सकाळी चहा घेताना मी तिला सांगितलं ते एवढंच. पाठ्यपुस्तक दोनदा वाच, पीडीएफ फुकट आहे. डायजेस्ट ठेव, उत्तराची मांडणी बघायला. फक्त 'माझ्या मते'चं पान आधी उघडू नकोस. स्वतःचं मत लिही आणि मग ताडून बघ. परीक्षेत पुस्तकातले मुद्दे आधी, आपलं एक वाक्य शेवटी. तिला हे फार पटलं नाही. "म्हणजे आजोबांचं एकच वाक्य?" ती म्हणाली. मी म्हटलं, सध्या तरी. ते बोलताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पण पेपर 80 गुणांचा असतो, उरलेले 20 कॉलेजकडे असतात आणि त्यात प्रकल्प असतो, हे तिनेच मला सांगितलं. मी विसरलोच होतो. विषय तिने तिथल्या तिथे ठरवला. दुपारी आजोबांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडी पिशवी काढली. जुने सातबारे, खंडाच्या पावत्या, मोर्चाचं एक पिवळं पडलेलं पत्रक. त्यांनी सांगितलेलं जमिनीचं क्षेत्र आणि कागदावरचं क्षेत्र जुळेना. कागदावर कमी होतं. आजोबा म्हणाले, कागद चुकीचा आहे. तिने माझ्याकडे बघितलं.

तिने प्रकल्पात दोन्ही आकडे लिहिले, शेजारी शेजारी, कुठला कुणाचा ते सांगून. आजोबा तिच्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हते. बोर्डाचा निकाल अजून लागायचा आहे.