तिसरी बाटली

कोल्हापूर जिल्ह्यात उसावरून भांडण निघालं की ते एकतर दराचं असतं, नाहीतर काट्याचं. शेतातून भरून निघालेली ट्रॉली कारखान्याच्या आवारात येते, काट्यावर उभी राहते आणि जो आकडा उमटतो त्यावर वर्षभराच्या कष्टाचा हिशेब ठरतो. काटा कारखान्याचा. म्हणजे जो माल घेणार, तोच मोजणार. या संशयाला आमच्याकडे स्वतंत्र शब्दच आहे: काटामारी. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी. हंगामात काटे तपासायला भरारी पथकं फिरतात, ती याच संशयापोटी.

प्रत्येक काटा खोटा आहे, असं कुणी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की ज्याचा नफा-तोटा आकड्यावर ठरतो, त्याच्या एकट्याच्या हाती आकडा असू नये. हे शहाणपण कोल्हापूरला बाजारपेठेनं शिकवलं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून इथं गुळाचे सौदे होत आले. शेतकरी, अडत्या आणि व्यापारी या तिघांच्या मधोमध तोलाईदार उभा असतो. त्यानं कुणाच्याही बाजूनं उभं राहू नये, तरच बाजार चालतो. तोलाईदारावरचा विश्वास उडाला की गूळ कितीही गोड असला तरी सौदा कडू होतो.

मी ज्या काट्यावर काम करते, तो पाण्याचा आहे. आणि त्याच्याबद्दल मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

गेली काही वर्षं मी एका खासगी प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासते. आमच्यासारख्यांचा मिळून आता एक धंदाच उभा राहिला आहे. संमतीपत्रासाठी कागद तयार करून देणारे सल्लागार, सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधणारे, ते कंत्राटावर चालवणारे, पाण्याचे आकडे मंडळाच्या सर्व्हरवर पाठवणारी यंत्रं विकणारे आणि आम्ही, तपासणारे. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या, इचलकरंजीचे कापडाचे प्रोसेस, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्री असलेल्या जिल्ह्यात या धंद्याला काम कमी पडत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यामुळे सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि संमती टिकवायला आकडे लागतात. ते आम्ही देतो.

या धंद्यात बनवाबनवीच असते, असं समजू नका. प्रक्रिया केंद्र चालवणं म्हणजे गोठा सांभाळण्यासारखं आहे. टाकीतले जिवाणू हे जनावरासारखेच. केंद्र सुरू करताना त्यांना वाढवायला शेण आणि गूळ घालतात, हवा कमी पडली की ते मरतात, पाणी एकदम आम्लधर्मी आलं तरी मरतात. रात्री तीन वाजता ब्लोअर बंद पडला म्हणून धावत जाणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. नदीत आज जेवढं जीवन शिल्लक आहे, त्यात या अनाम लोकांचा वाटा आहे.

आता काट्याकडे येऊ. आमच्या तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा बीओडी. पाण्यातली घाण खाऊन टाकताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचं हे माप. नमुना बाटलीत बंद करून २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवायचा आणि किती प्राणवायू संपला ते मोजायचं. नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशचा, प्रक्रिया न करता मोजला, तर हाच आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. नदीतला मासा जगायचा तर पाण्यात लिटरला चार मिलिग्रॅम तरी प्राणवायू विरघळलेला हवा. हे तीन आकडे शेजारी ठेवले की शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा का येतात, हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

पण बाटली फक्त एका क्षणाचं सांगते. सकाळी अकराला भरलेली बाटली पहाटे दोनबद्दल काही बोलत नाही. ती कधी भरायची, कुठून भरायची, कुणासमोर भरायची, हे बहुतेक वेळा ठरवतो तो पैसे देणारा. आणि आमचं बिल भागवणाराही तोच, ज्याचं पाणी आम्ही तपासतो.

एकदा एका ग्राहकाचा फोन आला होता. आवाज अगदी प्रेमळ. "मॅडम, आकडा जरा जास्त आलाय. परत एकदा बघा की." मी सांगितलं, राखून ठेवलेल्या नमुन्यावर पुन्हा केलं, तेवढाच आला. "तसं नव्हं. दर वेळी तुमच्याकडंच येतोय की आम्ही." त्यात धमकी नव्हती, लाच नव्हती. होती फक्त ओळख, आणि ती ओळख पुढेही टिकावी ही इच्छा. अहवाल होता तसाच गेला आणि ग्राहक दुसरीकडे गेला. आमच्या सरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण त्या महिन्याचा हिशेब करताना ते बराच वेळ गप्प होते. त्या गप्प बसण्यात जो प्रश्न होता, तो मला अजून सुटत नाही: पैसे एकाचे घेतले असताना खरेपणा दुसऱ्याला देणं लागतं का?

याची दोन सोपी उत्तरं मिळतात. पहिलं: माणसानं प्रामाणिक राहावं, बाकी सगळं आपोआप होतं. ऐकायला बरं वाटतं, पण आपोआप काही होत नाही. प्रामाणिक प्रयोगशाळेचा ग्राहक गेला तरी त्याचं सांडपाणी कुठं जात नाही, ते नदीतच येतं. फक्त त्याची नोंद आता दुसऱ्याच्या लेटरहेडवर होते. दुसरं उत्तर: व्यवस्थाच अशी आहे, एकट्यादुकट्यानं काय होणार? हे उत्तर आणखी आरामशीर आहे, कारण त्यानंतर काहीच करावं लागत नाही.

या दोन्ही उत्तरांची परीक्षा शेजारच्या गुजरातेत झाली आहे. तिथं प्रदूषण करू शकणाऱ्या उद्योगांना दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून पर्यावरणीय ऑडिट करून घ्यावं लागायचं. तपासनीस निवडायचा उद्योगानं, पैसे द्यायचे उद्योगानं. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर दोन वर्षं प्रयोग केला. निम्म्या ठिकाणी जुनीच रीत ठेवली. उरलेल्या ठिकाणी तपासनीस चिठ्ठी टाकल्यासारखा नेमून दिला, त्याची फी ठरावीक केली, ती एका सामायिक निधीतून दिली आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून फेरतपासल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीत आकड्यांची गर्दी मर्यादेच्या अगदी खाली दाटलेली होती. पुन्हा मोजलं तर त्यातले कितीतरी मर्यादेच्या वर निघाले. नव्या रीतीत तपासनीस खरं सांगू लागले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. पुढे २०१५ मध्ये गुजरातनं तपासनीस नेमून देण्याची पद्धत स्वीकारली.

मला या प्रयोगातली एक गोष्ट हलवून गेली. तपासनीस बाहेरून नवे आणलेले नव्हते. काही जण तर एकाच वेळी दोन्ही रीतींत काम करत होते. तोच माणूस एका कारखान्यात खोटं लिहीत होता आणि दुसऱ्यात खरं. मग तो प्रामाणिक म्हणायचा की लबाड?

मला वाटतं, खरेपणा हा नुसता स्वभाव नाही. तो एक संबंध आहे, आणि कुणाशी बांधलेला आहे यावर तो टिकतो किंवा तुटतो. आपण आकडा कुणासाठी मोजतोय, हे त्या तपासनिसाला एका ठिकाणी दिसत होतं आणि दुसऱ्या ठिकाणी दिसेनासं झालं होतं. बिलावर एकाचंच नाव असेल तर हळूहळू मनातही एकच नाव उरतं.

वकील अशिलाचा असतो, त्यात काही वावगं नाही. समोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश. पण पुलाची मजबुती तपासणारा इंजिनिअर, बँकेचा हिशेब तपासणारा सीए, रक्तपेढीत बाटली तपासणारा तंत्रज्ञ यांचं तसं नाही. यांना पैसे देतो एक आणि यांच्या शब्दावर जीव किंवा पैसा ठेवतो तिसराच, जो त्या खोलीत नसतो. या कामांमध्ये फी दिली जाते ती श्रमासाठी, वेळेसाठी, रसायनांसाठी. आकडा विकायला नसतोच, कारण तो आपल्या मालकीचा नसतो.

मग तो असतो कुणाचा? पंचगंगेच्या काठानं खाली चालत जाऊ. प्रयाग चिखलीपासून ती कोल्हापूर, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरचा जयंती नाला तिच्याकडे जातो. कसबा बावड्यात दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं मैलापाणी केंद्र आहे, म्हणजे मोजला जाणारा फक्त कारखानदार नसतो, आपण शहरवालेही असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपटायटिस-ई या काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती मैलामिश्रित पाण्यातून पसरते. कोल्हापूरनं काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली, २०२३ मध्ये तिचं पाणी शहरात पोचलं. इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी द्यायच्या सुळकूड योजनेवरून केवढा वाद पेटला, तो आपण पाहिला. ज्याला जमतं तो स्वच्छ पाण्यासाठी वरच्या अंगाला सरकतो. मी मूळची शिरोळ तालुक्यातली. आमच्या तालुक्याला सरकायला वरचं अंग नाही. आमच्याकडे जे येतं ते सगळ्यांचं होऊन येतं.

आकडा त्या खालच्या माणसाचा आहे. पण आकड्याच्या सगळ्या प्रवासात तो माणूस कुठंच नाही. कायद्यातली एक तरतूद मला यासाठी बोलकी वाटते. १९७४ च्या कायद्यानुसार मंडळाचा अधिकारी नमुना घ्यायला आला, तर तशी नोटीस देतो. कारखान्याच्या माणसानं मागणी केली तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करायचे, सह्या घ्यायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जाते, दुसरी कारखान्याच्या विनंतीवरून दुसऱ्या नेमलेल्या प्रयोगशाळेकडे. हे योग्यच आहे. ज्याच्यावर आरोप होऊ शकतो, त्याला आकड्यावर शंका घेता आली पाहिजे. पण जो ते पाणी शेताला देणार, जनावरांना पाजणार, त्याला शंका घ्यायची असेल तर? त्याच्या नावाची बाटली या तरतुदीत नाही.

म्हणून मला तिसरी बाटली हवी आहे. तिचा खर्च कारखान्यांच्या आणि महापालिकांच्या पैशातूनच व्हावा, पण तो सामायिक निधीत जमा होऊन. प्रयोगशाळा ग्राहकानं निवडू नये, चिठ्ठीनं ठरावी. वेळ आधी सांगू नये. आणि निकाल खालच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, कुणालाही कळेल असा लागावा. यात माझ्या धंद्याचं नुकसान नाही. उलट ज्या दिवशी ग्राहक टिकवण्याची काळजी माझ्या टेबलावरून उठेल, त्या दिवशी मी खऱ्या अर्थानं तोलाईदार होईन.

तोवर काय? व्यवस्था बदलेपर्यंत थांबायची मुभा मला मिळते का? मिळत नाही, असं मला वाटतं. गुजरातच्या प्रयोगानं दाखवलं की रीत बदलली की माणसं बदलतात. पण रीत बदलायची गरज कुणाला पटणार, तर कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलेला न शोभणारा आकडा समोर असेल तरच. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, जे मोजलं ते गाळायचं नाही, आणि नमुना कधी, कुठून, कुणी दिला हे अहवालात स्पष्ट लिहायचं, एवढं आजही माझ्या हातात आहे. यानं नदी स्वच्छ होत नाही. पण उद्या कुणी भांडायला उभं राहिलं, तर त्याच्या हातात कागद असतो.

काट्यासाठी भांडायला आमच्या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. उसाच्या वेळी आम्ही ते केलं, कारण वजनात मारलेला प्रत्येक किलो आमच्या खिशातून जात होता. पाण्याच्या आकड्यात जे मारलं जातं, तेही कुणाच्या तरी अंगातून जातं. ते माणूस थोडं खालच्या बाजूला राहतं, एवढंच.