चिलखत आणि चेहरा

चित्रातील पुरुष चिलखत घालून उभा असला, की आपण त्याच्या मुद्रेवर शौर्य, निर्धार, स्वामिनिष्ठा असे गुण वाचू लागतो. परंतु हे गुण मुद्रा सांगते, की पोलाद?

जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नरांची व व्हाइसरॉयांची चित्रमालिका आहे. तीत चिलखतधारी पुरुष पुष्कळ आहेत. १५४७ साली जुआंव द कास्त्रो याने ती सुरू करविली. पूर्वीचे अधिकारी तर कधीच निघून गेलेले. तेव्हा त्यांतील अनेकांस प्रत्यक्ष पाहिलेल्या गास्पार कोर्रैया या इतिहासलेखकाच्या साहाय्याने एका एतद्देशीय चित्रकाराने ती रंगविली. पुढे त्यांवर वारंवार नवे रंग चढले. म्हणजे ज्या चेहऱ्यात आपण स्वभाव शोधतो, तो एकाची आठवण, दुसऱ्याचा हात व तिसऱ्याची डागडुजी यांनी सिद्ध झालेला! या पुरुषांनी कसे दिसावे, ही सत्तेची इच्छा तेवढी त्यात निःसंशय खरी.

आता खुद्द कास्त्रोचेच पाहा. १५४६ च्या दीवच्या वेढ्यात त्याचा मुलगा पडला. मोडलेला कोट पुन्हा बांधण्यासाठी गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागताना त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठविले. शब्दाची एवढी चाड असलेल्या या पुरुषाच्या सैन्याने विजयानंतर दीव शहर लुटले व तेथे कत्तल केली. यांतला खरा कास्त्रो कोणता? दोन्ही. त्याचा सद्गुण खोटा नव्हता. त्याची कक्षा आखूड होती. चिलखत देहाभोवती असते, तसे ते सद्गुणाभोवतीही असू शकते: आतले ते आपले, बाहेरचे ते परके.

हा न्याय केवळ परक्यांस लावून भागणार नाही. कुंभवलीजवळच्या तारापूरचा कोट मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतला; त्या हल्ल्यात बाजी भिवराव पडला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली, तेव्हा चिमाजी अप्पाने तेथील शिबंदीस शस्त्रांसह व कुटुंबांसह जाऊ दिले. येथे कक्षा शत्रूपर्यंत पोहोचली. परंतु अवघ्या तीन वर्षांनी बंगालवर सुरू झालेल्या मराठी स्वाऱ्यांत तीच कक्षा पुन्हा आक्रसली, हेही विसरता येत नाही.

शौर्य दोन्ही पक्षांत होते. म्हणून शौर्यावरून मनुष्याची पारख होत नाही. चिलखतधारी पुरुषाच्या चित्रापुढे उभे राहून विचारावयाचे ते इतकेच: याच्या शब्दाला किंमत होती खरी, पण ती कोणासाठी?